दातांसाठी आहाराची घडी: चहा, लिंबूपाणी, रात्रीचं दूध आणि ब्रश यांचा क्रम

“डॉक्टर, मी गोड फारसं खातच नाही, दोन वेळा ब्रशही करते, तरी दात किडले आणि पिवळे पडले.” ठाण्यात दवाखाना चालवताना हे मी सतत ऐकते, आणि सांगणारी व्यक्ती खोटं बोलत नसते. तिच्या ताटात फारसं चुकीचं काही नसतं. चुकते ती वेळ आणि चुकतो तो क्रम: लिंबूपाणी पिऊन लगेच ब्रश, दिवसभर घोट-घोट चहा, आणि रात्री ब्रश झाल्यावर साखर घातलेलं हळदीचं दूध. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिले दोन सोडून थेट तिसऱ्यावर उडी मारलीत, तर आपल्या बाबतीत नेमकं काय बदलायचं ते कळणार नाही.

आधी हे समजून घ्या

दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याचा जवळजवळ ९६ टक्के भाग खनिजांचा असतो, पण आम्लापुढे तो टिकत नाही. साखर किंवा मैद्याचं काही खाल्लं की दातांवरच्या चिकट थरातले जंतू काही मिनिटांतच त्याचं आम्ल बनवतात. तिथला पीएच (आम्लता मोजायचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली उतरला की कवचातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. मग लाळ ते आम्ल सौम्य करते आणि खनिजं पुन्हा दातात बसवते. याला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी जास्तही. सुटणं जास्त आणि भरून येणं कमी, असं महिनोन् महिने चाललं की कीड लागते. म्हणून साखर किती खाल्ली याबरोबरच ती दिवसात किती वेळा तोंडात गेली, हे विचारावं लागतं.

लिंबू, चिंच, कोकम आणि कोला यांना जंतूंचीही गरज नाही. ते स्वतःच आम्ल आहेत. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५, कोलाचा २.५ च्या आसपास. त्यांनी कवच थेट झिजतं, आणि कोला बिनसाखरेचा असला तरी झिजतंच.

टप्पा १: पिवळेपणा कुठला आहे ते ओळखा

सकाळी खिडकीपाशी उजेडात आरसा घेऊन बसा. दात स्वच्छ सुती कपड्याने पुसून कोरडे करा, कारण ओल्या दातावर निम्म्या गोष्टी दिसत नाहीत. खालचे पुढचे दात आतल्या बाजूनेही पाहा.

हिरडीलगत आणि दातांच्या फटींत तपकिरी-काळपट रेघा असतील, तर ते बहुधा चहा, कॉफी, पान किंवा तंबाखूचे डाग. हे बाहेरचे. दवाखान्यात सफाई केली की निघतात आणि आहार सांभाळला की लवकर परत येत नाहीत. सफाईने दात हलायला लागतात, ही भीती मनातून काढून टाका. साठलेलं कीटण निघाल्यावर फटी मोकळ्या दिसतात आणि काही दिवस गार लागतं, एवढंच.

सगळेच दात एकसारखे पिवळसर असतील, तर तो बहुतेक आतला रंग. कवच अर्धपारदर्शक असतं, त्याखालचा डेंटिनचा थर मुळातच पिवळा. वयाबरोबर किंवा झिजेमुळे कवच पातळ झालं की तो जास्त दिसतो. कोणताही आहार दात त्यांच्या मूळ रंगापेक्षा पांढरे करत नाही. हे स्वीकारलं की लिंबू-मीठ घासण्याचा मोह आपोआप सुटतो.

एकच दात राखाडी दिसत असेल आणि कधीतरी मार लागला असेल, तर आतली नस मेली असण्याची शक्यता आहे. तो दात डॉक्टरांनाच दाखवा. दोन्ही बाजूंना सारखेच पांढरे किंवा तपकिरी चट्टे असतील, तर बालपण कुठे गेलं ते आठवा. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि दात बनत असतानाच त्यांचा रंग बदलतो. नोकरीनिमित्त तिकडून आलेली बरीच कुटुंबं नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीत राहतात. त्यांनी या चट्ट्यांसाठी स्वतःच्या खाण्याला दोष देऊ नये.

आणि एक खूण सर्वांत महत्त्वाची: हिरडीलगत खडूसारखा निस्तेज पांढरा पट्टा, कोरड्या दातावर ठळक दिसणारा. ही किडीची सुरुवात आहे. अजून खड्डा पडलेला नाही, त्यामुळे ती अजून परतवता येते. पुढचे सगळे टप्पे या पट्ट्यासाठी सर्वांत जास्त उपयोगाचे आहेत.

सावधान: कोळशाची पूड, लिंबू-मीठ, कोरडा खाण्याचा सोडा, गेरूचं लाल दंतमंजन यांनी दात घासू नका. पहिल्या आठवड्यात चकाकी येते, कारण वरचा डाग खरवडला जातो. त्याबरोबर कवचही खरवडलं जातं, दात आणखी पिवळे दिसू लागतात आणि ते कवच परत उगवत नाही. मशेरी तर भाजलेला तंबाखूच आहे. आजी लावायची म्हणून आजही कितीतरी बायका ती लावतात. ती बंदच करायला हवी, आणि त्याचं कारण दातांच्या रंगापेक्षा फार मोठं आहे: तोंडाचा कॅन्सर.

टप्पा २: तीन दिवसांची नोंद करा

दोन कामाचे दिवस आणि एक रविवार घ्या. साध्या पाण्याखेरीज जे काही तोंडात जाईल ते वेळेसकट लिहा. लोक जेवण लिहितात आणि बाकीचं गाळतात: खोकल्याची चघळायची गोळी, सिरप, साखर चढवलेली गोड बडीशेप, ऑफिसात कोणाच्या वाढदिवसाचा पेढा, होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या. दिवसातून चार वेळा चघळलेल्या त्या गोळ्यांनाही दात चार वेळा तोंड देतात.

समजा, एक जण कासारवडवलीहून महाप्याला नोकरीला जातो. साडेसहाला चहा आणि खारी. सव्वाआठला ठाणे स्टेशनपाशी वडापाव आणि कटिंग, मग ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोली. पावणेदहाला ऑफिसच्या मशीनमधली कॉफी. साडेअकराला चहा-बिस्किट. दीडला डबा. सव्वादोनला एक चॉकलेट. साडेचारला पुन्हा चहा. सातला परतताना उसाचा रस. साडेनऊला जेवण. अकराला हळदीचं दूध. या यादीत मिठाई अशी जवळजवळ नाहीच, तरी दहा वेळा झाल्या. दर वेळेला अर्धा ते पाऊण तास धरा: दिवसातले पाच ते साडेसात तास दात विरघळण्याच्या बाजूला. शिवाय अकराच्या दुधानंतर झोप, आणि झोपेत लाळ जवळजवळ थांबते.

तपासा: नोंद झाली की प्रत्येक खाण्या-पिण्याभोवती गोल करा. दोन गोष्टी वीस मिनिटांच्या आत संपल्या असतील तर एकच गोल. मग मोजा. सहा किंवा त्याहून जास्त गोल असतील, तर तुमचं पहिलं काम टप्पा ३. गोल कमी पण आंबट पदार्थ जास्त असतील, तर टप्पा ५ आधी नीट वाचा.

टप्पा ३: वेळा कमी करा, चहापासून सुरुवात करा

दिवसाला चार, फार तर पाच वेळा, हे गाठायचं आहे. उपाशी राहायचं नाही. सुटं-सुटं खाणं एकत्र आणायचं.

वरच्याच माणसाचा दिवस बदलून पाहू. साडेसहाचा नुसता चहा पुढे ढकलून सातला पोह्यांबरोबर घ्यायचा. मग स्टेशनवरचा वडापाव रोजचा न राहता आठवड्यातून एखाद्या वेळचा होतो, आणि ज्या दिवशी खाल त्या दिवशी तोच नाश्ता. पावणेदहाची कॉफी आणि साडेअकराचा चहा यांतलं एकच ठेवायचं. चॉकलेट खायचंच असेल तर डब्याबरोबर, दीडलाच. साडेचारचा चहा आणि संध्याकाळची भूक एकत्र पाचला भागवायची, म्हणजे सातला उसाच्या चरकापाशी पाय थांबत नाहीत. दूध रात्रीच्या जेवणाला जोडून. झाले पाच. खाणं जवळपास तेवढंच, पण दातांना सावरायला मोकळे तास मिळाले.

चहाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण इथेच सगळं अडतं. चहा सोडा असं मी कोणालाच सांगत नाही, कोणी सोडतही नाही. तीन गोष्टी मात्र करा. पहिली, चहा दहा मिनिटांत संपवा. टेबलावर मोठा मग ठेवून तासभर एक-एक घोट घेणं हा दातांसाठी तासभर चाललेला हल्ला असतो. दुसरी, साखर हळूहळू उतरवा: दर आठवड्याला अर्धा चमचा कमी. एकदम बंद केली की लोक चौथ्या दिवशी परत फिरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं: वरून घातलेल्या साखरेतून, तसंच मध आणि फळांच्या रसातून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. साधारण २,००० कॅलरी घेणाऱ्या प्रौढासाठी ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, सहा चमच्यांच्या आसपास. चहात दोन-दोन चमचे घालून चार कप प्यायलात, तर ते प्रमाण चहातच ओलांडलं. तिसरी, चहाबरोबरचं बिस्किट सोडा. भिजलेलं बिस्किट दाढांच्या खाचांत लगद्यासारखं बसतं आणि चहा संपल्यावरही बराच वेळ तिथेच राहतं.

सामान्य चूक: साखरेऐवजी गूळ, मध, खजूर घेतलं म्हणजे दात वाचले, असं समजणं. जंतूंना यात काही फरक पडत नाही. खजूर आणि गुळाची चिक्की चिकटून राहतात, म्हणून कित्येकदा जास्तच त्रास देतात.

सामान्य चूक: फळाऐवजी रस. अख्खं संत्रं चावताना लाळ सुटते आणि ते पटकन संपतं. रसात साखर मोकळी होते, आंबटपणा तोच राहतो, आणि तो घोट-घोट प्यायला जातो.

टप्पा ४: एका जेवणातला क्रम

गोड असेल तर ते जेवणातच, सुरुवातीला किंवा मध्ये. आपल्याकडे पूर्वापार पानात गोड वाढतात आणि ते वरण-भाताबरोबरच संपतं, ही पद्धत दातांसाठी चांगली आहे. जेवणानंतर अर्ध्या तासाने फ्रीज उघडून घेतलेली श्रीखंडाची वाटी मात्र नवी फेरी सुरू करते.

जेवणाचा शेवट अशा पदार्थाने करा ज्याने आम्ल उतरेल: पनीरचा किंवा चीजचा तुकडा, बिनसाखरेचं ताक किंवा दही, मूठभर भाजलेले शेंगदाणे. दही आंबट असलं तरी त्यात कॅल्शियम भरपूर असल्यामुळे कवच लिंबासारखं झिजत नाही. मग साध्या पाण्याने खळखळून चूळ. साधी बडीशेप चालेल, कारण चावताना लाळ सुटते. सुपारी नको, गोड सुपारी मुलांच्या हातात तर अजिबात नको. सुपारीने तोंडातलं आवरण ताठर होत जातं, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे कॅन्सरचा धोका असतो.

दात घट्ट राहायला काय खावं, हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, तीळही भरपूर देतात. दिवाळे, सारसोळे इथल्या कोळी घरांत जवळा आणि इतर सुकी बारीक मासळी काट्या-सालासकट खातात, ते उत्तमच. दूध, पालेभाजी, अंडी, डाळी नेहमीप्रमाणे. पण मोठ्या माणसाच्या दातात कॅल्शियम खाऊन नवं कवच तयार होत नाही. लाळ चांगली राहते, हिरड्या आणि जबड्याचं हाड टिकतं, एवढं त्यातून नक्की मिळतं. हिरडीतून रक्त येतंय म्हणून नुसते आवळे खाऊ नका. बहुतेक वेळा ते साठलेल्या थरामुळे येतं, आणि तो थर ब्रशने, फ्लॉसने (दातांच्या फटींत फिरवायच्या धाग्याने) आणि सफाईनेच जातो.

टप्पा ५: आंबट पदार्थ हाताळायची रीत

सर्वांत जास्त झीज मला हल्ली दिसते ती तब्येतीची काळजी घेणाऱ्यांमध्ये. पहाटे उपवन किंवा पाम बीच रोडला चालायला जायचं, त्याआधी कोमट पाण्यात लिंबू-मध, आणि आल्यावर ब्रश. लिंबाने मऊ झालेल्या कवचावर ब्रश फिरतो आणि रोज थोडं-थोडं घासून काढतो. काही वर्षांनी पुढच्या दातांच्या कडा पातळ होतात, काचेसारख्या पारदर्शक दिसतात, आणि गार पाणी सहन होत नाही.

लिंबूपाणी घ्यायचंच असेल तर असा क्रम ठेवा. उठल्यावर आधी ब्रश. मग लिंबूपाणी, शक्यतो नाश्त्याबरोबर, तोंडात न घोळवता, एका बैठकीत. त्यानंतर साध्या पाण्याची चूळ. पुढचा ब्रश किमान अर्ध्या तासाने, तास गेला तर आणखी बरं. ॲपल सायडर व्हिनेगरलाही हेच लागू.

सोलकढी आणि कोकम सरबत जेवणाबरोबर घ्या. कैरी-तिखट-मीठ, चिंच, करवंदं मे महिन्यात खायचीच असतात, ती एकदाच आणि पोटभर खा. चिंचेचा गोळा गालात धरून तासभर चोखणं सर्वांत वाईट. दात आंबले असतील तर त्या क्षणी ब्रश हातात घ्यायचा नाही, चूळ भरून थांबायचं.

पळणाऱ्यांनी आणि जिमला जाणाऱ्यांनी बाटलीतून घोट-घोट एनर्जी ड्रिंक पिताना हे ध्यानात ठेवावं: त्यात साखरही असते आणि आम्लही, आणि घामामुळे तोंड आधीच कोरडं. तासाभराच्या व्यायामाला साधं पाणी पुरतं.

सावधान: पित्ताचा त्रास असलेली काही माणसं सकाळी मिठाचं पाणी पिऊन, घशात बोटं घालून पित्त पाडतात. पोटातलं आम्ल लिंबाइतकंच, कधी त्याहूनही तीव्र असतं. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू त्याने गुळगुळीत होऊन झिजत जाते, आणि ती आरशात सहज दिसत नाही. हे रोज करू नका, पित्तावर डॉक्टरांकडून उपचार घ्या. उलटी झालीच तर पेलाभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवून चूळ भरा आणि ब्रशला तासभर थांबा. गरोदरपणातल्या सकाळच्या उलट्यांनाही हाच नियम.

टप्पा ६: ब्रश कधी, आणि त्यानंतर काय नाही

सकाळचा ब्रश चहाच्या आधी. तोंडाला फेस असताना चहा बेचव लागतो ही तक्रार खरी आहे, पण पंधरा मिनिटं थांबलं की चव परत येते. रात्रीचा ब्रश मात्र शेवटचा घास, शेवटचा घोट, शेवटची औषधाची गोळी झाल्यावरच. हळदीचं दूध, मुलांचं चॉकलेट पावडरचं दूध, इसबगोलाबरोबरचं सरबत हे सगळं ब्रशच्या आधी. ब्रशनंतर फक्त पाणी. या एका बदलासाठी घरात भांडायला लागलं तरी भांडा.

पेस्टच्या पाकिटावर फ्लोराइड लिहिलंय का पाहा, मोठ्यांसाठी साधारण १,००० पीपीएम. अनेक आयुर्वेदिक आणि हर्बल पेस्टमध्ये ते नसतं. ब्रश मऊ, वेळ दोन मिनिटं, हात हलका. शेवटी फेस थुंका, पण पाण्याने खळखळून धुऊ नका. थोडं फ्लोराइड दातांवर राहिलं तर रात्रभर काम करतं. सुरुवातीला विचित्र वाटतं, आठवड्याभरात सवय होते.

महापे, ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळाकडे न पाहता झोपेकडे पाहावं. सकाळी नऊला घरी येऊन नाश्ता करून झोपणार असाल, तर त्या नाश्त्यानंतरचा ब्रश हा तुमचा रात्रीचा ब्रश. पाळीत जागं राहायला तासातासाला घेतलेली कॉफी बिनसाखरेची करा, आणि मध्ये पाणी प्या. एसीत, तोंडाने श्वास घेताना आणि रक्तदाबाच्या किंवा मानसिक आजाराच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, तेव्हा तर हे सगळं दुप्पट काटेकोर पाळावं लागतं. बिनसाखरेचं च्युइंगगम जेवणानंतर दहा-वीस मिनिटं चघळलं तर लाळ वाढते.

तपासा: आठवड्याच्या शेवटी घरातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: रात्री ब्रशनंतर पाण्याखेरीज काही घेतलं का?

टप्पा ७: डाग पडू नयेत म्हणून

हा टप्पा सातवा ठेवलाय तो मुद्दाम. आधीचं सगळं झाल्याशिवाय डागांच्या मागे लागू नका, कारण आम्लाने खरखरीत झालेल्या कवचावर डाग लवकर धरतात.

दुधाच्या चहापेक्षा कोरा चहा जास्त डाग पाडतो. दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या डाग पाडणाऱ्या टॅनिनला धरून ठेवतं. ग्रीन टी आरोग्यदायी म्हणून दिवसातून चार कप पिणाऱ्यांच्या दातांवर राखाडी-तपकिरी थर येतो, आणि लेमन टीमध्ये तर डाग आणि आम्ल दोन्ही. प्यायल्यावर लगेच पाण्याची चूळ भरली तर बराच फरक पडतो. पानातला कात, तंबाखू, विडी यांचे डाग चुळीने जात नाहीत. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो खाणारे येतातच. त्यांना मी रंगाबद्दल काही सांगतच नाही, आधी तोंड किती बोटं उघडतं ते पाहते.

मामलेदारच्या मिसळीची तर्री किंवा घरची हळद निरोगी दातांचं काही बिघडवत नाही. पण दात सरळ करायच्या पारदर्शक तारा, दातांच्या रंगाचं नवं फिलिंग किंवा नुकतंच ब्लीचिंग झालं असेल, तर हळद, तर्री आणि चहा डाग सोडतात. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पांढरंच खा: दही-भात, इडली, दूध, केळं. लोहाचं पातळ औषध स्ट्रॉने घ्या आणि चूळ भरा. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दोन आठवड्यांपेक्षा जास्त स्वतःच्या मनाने वापरू नका. चहा पिणाऱ्यांचे दात त्याने तपकिरी होतात.

टप्पा ८: उपास आणि सण

श्रावणात आणि नवरात्रात वेळांचा हिशोब कोलमडतो. जेवण नाही म्हणून दिवसभर गोड चहा, मध्ये खजूर, मध्ये राजगिऱ्याची चिक्की, मध्ये वेफर्स. साबुदाणा म्हणजे शुद्ध पिष्ट, आणि तो चिकट. उपासाचं खाणं तीन ठरावीक वेळांना घ्या. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट भरपूर घाला आणि सोबत दही ठेवा. नवरात्रात नऊ दिवस उपास करणाऱ्यांनी हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. निर्जळी उपासात लाळ कमी होते आणि तोंडाला वास येतो. त्या दिवशी सकाळ-संध्याकाळचा ब्रश चुकवू नका, चूळ भरून थुंकण्याने उपास मोडतो का हे घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या.

गणपतीत मोदक जेवणात खा, नैवेद्याचा पेढा आरतीगणिक नको. प्रसाद घ्यायलाच हवा, तर तो डब्यात ठेवून जेवणाबरोबर खाता येतो. संक्रांतीला कडक तिळाची वडी जुन्या फिलिंगवर चावू नका. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात तुटलेली फिलिंग्ज घेऊन येणारे दर वर्षी असतात. मऊ लाडू करा.

टप्पा ९: घरात लहान मूल असेल तर

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, तेव्हापासूनच नियम लागू. बाटली तोंडात देऊन बाळाला झोपवू नका. दुधातली साखर रात्रभर वरच्या पुढच्या दातांवर साचते आणि ते काळे पडतात. चोखणीला मध लावणं बंद. मध वर्षाच्या आतल्या बाळाला तसाही द्यायचा नसतो. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनी स्वतः करून द्यावा.

शाळेच्या छोट्या डब्यात क्रीमचं बिस्किट आणि रसाचा खोका देण्याऐवजी पनीर पराठा, उकडलेले चणे, थालीपीठ, काकडी द्या. बाटलीत फक्त पाणी.

सामान्य चूक: सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. काही पडलेलं नसतं, त्यामुळे आई-वडिलांना ती दुधाचीच वाटते आणि किडली तरी “पडेलच” म्हणून सोडली जाते. ती कायमची असते. तिच्या खोल खाचा वेळेत सीलंटने, म्हणजे पातळ संरक्षक लेपाने, बुजवता येतात, त्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलाला एकदा दाखवून आणा.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी

पुन्हा तीन दिवसांची नोंद करा, पुन्हा खिडकीपाशी दात कोरडे करून पाहा. पांढऱ्या पट्ट्याला चकाकी आली असेल तर तो भरून येतोय, असंच चालू ठेवा. तो तपकिरी किंवा खरखरीत झाला, खड्डा लागला, गार-गरम लागून कळ टिकून राहिली, चावताना दुखलं किंवा हिरडीतून रक्त येणं दोन आठवडे थांबलं नाही, तर आहाराचं काम तिथे संपतं आणि डॉक्टरांचं सुरू होतं. मधुमेह असेल तर त्रास नसला तरी सहा महिन्यांनी दाखवा, कारण साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. गालाला सूज, ताप किंवा गिळायला त्रास असेल तर त्याच दिवशी जा.

खर्चाची अडचण असेल तर नेरूळच्या डी. वाय. पाटील आणि तेरणा या दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात शिकणारे डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तिथे वेळ जास्त लागतो, म्हणून सुट्टीचा नसलेला दिवस निवडून सकाळीच पोहोचा. जाताना चालू औषधांची यादी आणि ती तीन दिवसांची नोंद सोबत न्या, आणि निघण्याआधी डाग झाकायचा प्रयत्न म्हणून दात जोरात घासू नका. दात रोज जसे असतात तसेच डॉक्टरांना दिसू द्या.